पोकलेनचा सेफ्टी लिव्हर स्विच वारंवार का जातो

उलव्याच्या बाजूला खाडीलगत पायाखोदाईचे एक काम चालू होते. तेथील २० टनी पोकलेनचा सेफ्टी लिव्हरखालचा एकच स्विच गेल्या पावसाळ्यात तीन वेळा बदलावा लागला. पहिल्या वेळी तो जुना झाला असे सांगण्यात आले, दुसऱ्या वेळी त्यात पाणी गेले असे ठरले आणि तिसऱ्या वेळी बाजारातला माल हलका आहे यावर सर्वांचे एकमत झाले. चौथ्यांदा तोच बिघाड आला तेव्हा मला बोलावणे आले. मी तुर्भ्याला राहतो आणि ठाणे, महापे, तळोजा या पट्ट्यातल्या खोदाई यंत्रांची विजेची कामे करतो. या यंत्रापायी माझा दीड दिवस गेला आणि त्यातला जवळजवळ एक दिवस मी स्वतःच चुकीच्या जागी शोधत होतो. हाच बिघाड पावसाळ्यात इतक्या यंत्रांवर दिसतो, की त्याचा माग एकदा सविस्तर लिहून ठेवणे योग्य वाटले.

बिघाडाचे स्वरूप असे होते. बादलीने माती काढताना यंत्र व्यवस्थित चालत असे. खडक लागला आणि बादलीच्या जागी खडक फोडणारा ब्रेकर जोडला, की दहा-पंधरा मिनिटांत बूम, आर्म, बादली, फिरणे आणि चालणे या सर्व हालचाली एकाच क्षणी थांबत. इंजिन मात्र चालूच राही. ऑपरेटर नगर जिल्ह्यातला, हाताला शांत आणि यंत्राची जाण असलेला माणूस होता. तो मला म्हणाला, "साहेब, लिव्हर दोनदा वर-खाली केला की गाडी पुन्हा चालू होते, मी त्याच्यातच दिवस काढतोय." त्याच्या या एका वाक्यात निम्मे निदान होते, पण ते मला दुसऱ्या दिवशी उमगले.

ज्यांना या लिव्हरचे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे मागून सांगतो. पोकलेन हे नाव मुळात एका फ्रेंच कंपनीचे, पण आपल्याकडे कोणत्याही कंपनीच्या एक्सकॅव्हेटरला पोकलेनच म्हणतात आणि मीही तसेच म्हणणार आहे. ऑपरेटरच्या डाव्या हाताला, केबिनच्या दाराजवळ, बहुधा लाल रंगाची मूठ असलेला एक लिव्हर असतो. तो वर केला की जॉयस्टिक कितीही हलवली तरी यंत्र हलत नाही. तो खाली केला की हायड्रॉलिक्स जिवंत होते. मुख्य पंपाचा दाब ३०० बारच्या वर असतो आणि तो जॉयस्टिकपर्यंत येत नाही. जॉयस्टिकमधून साधारण ३५ ते ४० बारचा पायलट दाब जातो आणि तो मोठ्या व्हॉल्व्हचे स्पूल, म्हणजे आतले सरकते दांडे, सरकवतो. सेफ्टी लिव्हरखालचा लिमिट स्विच एका सोलेनॉइडला, म्हणजे तारेच्या कॉइलच्या चुंबकावर चालणाऱ्या व्हॉल्व्हला, वीज देतो, आणि तो सोलेनॉइड या पायलट तेलाची वाट उघडतो. वीज गेली की स्प्रिंगच्या जोराने वाट बंद होते. म्हणजे वायर तुटली, फ्यूज उडाला किंवा स्विच जळला, तर यंत्र थांबते. आपोआप चालू होत नाही. ही रचना मुद्दाम तशी केलेली आहे.

म्हणूनच या स्विचच्या बाबतीत साइटवर जो उपाय सर्रास केला जातो त्याविषयी सुरुवातीलाच लिहितो. स्विचच्या दोन वायरी कापायच्या, पिळून जोडायच्या, वर काळी टेप गुंडाळायची आणि "डायरेक्ट केलंय, आता त्रास नाही" असे सांगून निघून जायचे, असे करणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत. त्रास खरोखरच थांबतो. पण त्यानंतर ऑपरेटर पाणी प्यायला उठला, त्याच्या शर्टाची बाही जॉयस्टिकला अडकली आणि इंजिन चालू असले, तर यंत्र फिरते. आणि त्या वेळी फिरण्याच्या घेऱ्यात मोजमापाची पट्टी धरून उभा असलेला हेल्पर बादली आणि शटरिंगच्या मध्ये सापडतो. चाचणीसाठी दोन मिनिटे जंपर, म्हणजे अशी थेट जोडणारी वायर, लावणे वेगळे, आणि तेही इंजिन बंद ठेवून. कायमचा जंपर मी लावत नाही. मालकाने कितीही आग्रह केला तरी नाही. काम थांबल्याचे भाडे बुडते हे मला कळते, पण माझे उत्तर बदलत नाही.

तपासणी सुरू करण्याआधी बूम खाली घेऊन बादली किंवा ब्रेकर जमिनीवर टेकवून ठेवावा. इंजिन बंद आहे म्हणून यंत्र निर्जीव झाले असे समजू नये. पायलटच्या लाइनमध्ये ॲक्युम्युलेटर असतो आणि त्यात साठलेल्या दाबावर, चावी चालू आणि लिव्हर खाली असताना, बूम इंजिनशिवायही खाली येऊ शकतो. विजेची तपासणी करायची म्हणजे चावी चालू ठेवावीच लागते, त्यामुळे ही काळजी कागदावरची नाही.

पहिला प्रश्न बिघाड विजेचा आहे की तेलाचा, हा. एखादीच हालचाल मंद पडली किंवा थांबली असती तर मी या स्विचकडे वळलोच नसतो. सर्व हालचाली एकदम थांबतात आणि एकदम परत येतात, तेव्हा संशय सर्वांना समाईक असलेल्या जागेवर जातो, आणि पायलटचा सोलेनॉइड ही तशी जागा आहे. त्याची खात्री करायला महागडे उपकरण लागत नाही. चावी चालू करून एकाने लिव्हर वर-खाली करावा आणि दुसऱ्याने सोलेनॉइडजवळ कान द्यावा. प्रत्येक वेळी स्पष्ट "टक" असा आवाज यायला हवा. रहदारीच्या किंवा जनरेटरच्या आवाजात ते ऐकू येत नसेल तर पोलादी स्क्रू ड्रायव्हरचे टोक कॉइलच्या नटाजवळ न्यावे. कॉइलमध्ये वीज असेल तर ते टोक ओढले जाते, हाताला स्पष्ट जाणवते. कॉइल ओढते आहे आणि तरीही पायलटच्या चाचणी पोर्टवर लावलेल्या गेजमध्ये दाब दिसत नाही, असे झाले तर स्पूल अडकले आहे आणि काम हायड्रॉलिकवाल्याचे आहे. कॉइल ओढतच नसेल तर काम आपले.

माझ्या समोरच्या यंत्रात कॉइल ओढत होती. लिव्हर खाली घेतला की टक, वर घेतला की टक. बिघाड हजर नव्हता आणि अधूनमधून येणाऱ्या बिघाडाची हीच खोड असते. मी पहिला संशय अर्थवर, म्हणजे वीज परत नेणाऱ्या जोडणीवर, घेतला, कारण खाडीलगतच्या यंत्रांमध्ये केबिनखालचा अर्थ बोल्ट गंजलेला असणे ही नेहमीची गोष्ट आहे. मी तो सोडवला, रंग आणि गंज खरवडला, नवीन थिंबल दाबून बसवला, बोल्ट आवळून वर ग्रीस लावले. त्यात अर्धा दिवस गेला. संध्याकाळी ब्रेकर लावला आणि वीस मिनिटांत यंत्र पुन्हा थांबले. अर्थ खराब होताच, पण तो या तक्रारीचा धनी नव्हता.

आता आधीच्या मेकॅनिकांनी काय केले होते ते पाहू, कारण त्यांची चूक पुष्कळ जण करतात. त्यांनी स्विचचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, सोडवला, मल्टिमीटर बझरवर ठेवला, लिव्हर दाबला आणि बीप वाजला की स्विच ठीक आहे असे मानले. मीटरचा बझर काही मिलिअँपिअर किंवा त्याहूनही कमी प्रवाहावर चालतो आणि बहुतेक मीटरमध्ये रोध काही ओहम असला तरी तो खुशाल वाजतो. या सोलेनॉइडला मात्र सुमारे एक अँपिअर लागतो. काजळलेल्या संपर्कबिंदूतून मुंगीएवढा प्रवाह जातो, म्हणून बैलाएवढाही जाईल असे होत नाही. हीच फसगत व्होल्ट मोजतानाही होते. सोलेनॉइडचा कपलर उघडा ठेवून स्विचच्या बाहेर पडणाऱ्या वायरीवर व्होल्ट मोजले तर पूर्ण २५ दिसतात, कारण मीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहमच्या आसपास असतो आणि त्याच्यापुढे स्विचमधल्या दोन-चार ओहमची काहीच मातब्बरी नसते.

योग्य पद्धत ही की सर्व जोडलेले ठेवावे, चावी चालू करावी, लिव्हर खाली घ्यावा आणि भार चालू असताना स्विचच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पिनांवर मीटरच्या दोन सुया ठेवून त्यांच्यामधला व्होल्टचा फरक पाहावा. चांगल्या स्विचमध्ये हा फरक ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, ०.२ च्या पुढे गेला तर मी त्याच्याकडे संशयाने पाहतो. सुया कपलरच्या मागच्या बाजूने, रबरी सीलच्या कडेने, पातळ पिन घालून टेकवाव्यात. वायरीच्या आवरणात सुई टोचून मोजण्याची सवय सोडून द्यावी. त्या सूक्ष्म भोकातून शिरलेले खारट पाणी तांब्याच्या तारांमधून आत चढत जाते आणि एका पावसाळ्यात वायर वीतभर आतपर्यंत हिरवी झालेली सापडते. मग पुढच्या वर्षी शोधायला नवा बिघाड तयार असतो, आणि तो आपणच पेरलेला असतो.

माझ्याकडे आणखी एक साधे हत्यार असते: २४ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब, दोन वायरी आणि दोन चिमटे. तो बल्ब सुमारे ०.९ अँपिअर घेतो, म्हणजे जवळजवळ सोलेनॉइडइतकाच. सोलेनॉइडच्या जागी बल्ब लावून लिव्हर दाबला आणि तो लखलखीत पेटला, तर त्या वाटेतली प्रत्येक गोष्ट एक अँपिअर पेलते हे डोळ्यांना दिसते. तो लालसर पेटला तर वाटेत कुठेतरी रोध आहे. हा बल्ब कंट्रोलरच्या, म्हणजे ईसीयूच्या, वायरींवर मात्र लावू नये, कारण तेथील आउटपुट इतका भार सोसेलच असे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाराखालचे मोजमाप घेतले. बॅटरीवर २५.२ व्होल्ट होते. सोलेनॉइडची कॉइल थंड असताना २४ ओहम मोजली, म्हणजे तिला जेमतेम एक अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह हवा. स्विचवरचा फरक शांत स्थितीत १.९ व्होल्ट निघाला. हिशेब केला तर संपर्कबिंदूंमध्ये सुमारे २ ओहमचा रोध बसला होता. बझर त्याला अर्थातच वाजणार. मग मी लिव्हरच्या खालची पट्टी हाताने हलवली आणि मीटरवरचा आकडा नाचू लागला: ३, ६, पुन्हा २, आणि एकदा थेट २५, म्हणजे त्या क्षणी स्विच पूर्ण उघडा. सोलेनॉइडने टक करून तेल सोडून दिले. ब्रेकर मिनिटाला काही शे ठोके मारतो आणि ती थरथर केबिनच्या फरशीपर्यंत येते. माझ्या हाताने जे केले तेच ब्रेकर करत होता. लिव्हर दोनदा वर-खाली केल्यावर काजळी किंचित घासली जात होती आणि यंत्र पुन्हा चालू होत होते. ऑपरेटरने पहिल्याच दिवशी सांगितलेल्या वाक्याचा अर्थ हा होता.

येथवर आलेला माणूस चौथा स्विच आणून बसवतो आणि बिल करतो. मी स्विच उघडला. तो दोन महिन्यांपूर्वीच बसवलेला होता आणि बाहेरून नवाकोरा दिसत होता. आत पाण्याचा थेंब नव्हता, गंज नव्हता. पण दोन्ही संपर्कबिंदू काळे पडलेले, एकावर खड्डा आणि दुसऱ्यावर त्या खड्ड्यात बसेल असा उंचवटा, आणि भोवतीचे प्लॅस्टिक तपकिरी झालेले. ही ठिणगीची खूण आहे. पाणी गेले, जुना झाला, माल हलका, या तिन्ही निदानांना या एका दृश्याने उत्तर दिले. स्विचमधून त्याच्या ताकदीबाहेरचे काहीतरी वाहत होते.

त्या स्विचवर ५ अँपिअर २५० व्होल्ट असे छापलेले होते, आणि एक अँपिअरसाठी एवढे पुष्कळ झाले असे कोणालाही वाटेल. पण तो आकडा घरगुती, म्हणजे एसी, विजेसाठी असतो. आपल्याकडची ५० हर्ट्झची एसी सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते आणि प्रत्येक वेळी ठिणगीला विझायची संधी मिळते. बॅटरीची डीसी वीज शून्यावर येतच नाही, त्यामुळे ठिणगी लांबते. त्यातून भार कॉइलचा असेल तर प्रकरण अधिक बिघडते. कॉइलमध्ये चुंबकीय ऊर्जा साठलेली असते. वीज अचानक तोडली की ती ऊर्जा बाहेर पडायला वाट शोधते आणि २४ व्होल्टच्या कॉइलच्या टोकांवर क्षणभर कित्येक शे व्होल्ट तयार होतात. तो झटका उघडणाऱ्या संपर्कबिंदूंवरूनच उडी मारतो. हे टाळण्यासाठी कॉइलला समांतर डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, लावतात, जो त्या ऊर्जेला कॉइलमध्येच फिरत ठेवून विझवतो.

मग मी या यंत्राचा वायरिंगचा नकाशा काढला, जो मी खरे तर पहिल्या दिवशी काढायला हवा होता. नकाशात या स्विचचा सोलेनॉइडशी थेट संबंधच नव्हता. स्विचने फक्त एका रिलेची, म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचची, कॉइल चालवायची, म्हणजे जेमतेम ०.०७ ते ०.०८ अँपिअर, आणि रिलेच्या ३० व ८७ क्रमांकाच्या पिनांमधून सोलेनॉइडचा खरा प्रवाह जायचा. रिलेच्याच बैठकीत सोलेनॉइडसाठीचा डायोडही होता. आता प्रश्न एवढाच उरला की स्विचवर एक अँपिअर कुठून येतो.

सीटमागचे झाकण काढले. रिलेच्या रांगेत एक बैठक रिकामी होती आणि तिच्या मागे वायरींच्या जुडग्यात मुठीएवढा काळ्या टेपचा गोळा होता. टेप सोडवल्यावर दिसले, की रिलेच्या कॉइलला वीज देणारी ८६ ची वायर आणि सोलेनॉइडकडे जाणारी ८७ ची वायर पिळून एकत्र केली आहेत. कधीतरी तो रिले गेला असणार, रात्रीची वेळ असणार, रिले हाताशी नसणार, आणि कोणीतरी स्विचची वीज सरळ सोलेनॉइडला देऊन काम भागवले असणार. सकाळी नवा रिले बसवायचे राहून गेले. त्या माणसाला मी फार दोष देत नाही. रात्री दोन वाजता, काँक्रीटची गाडी रांगेत उभी असताना, मीही कदाचित तेच केले असते. पण त्याने ते लॉग बुकात लिहिले नाही, आणि त्या न लिहिलेल्या एका ओळीची किंमत मालकाने तीन स्विच आणि कितीतरी बंद तासांनी मोजली. सेफ्टी चालू होती, यंत्र चालत होते, त्यामुळे कोणाला संशयही आला नाही. रिले नाही आणि डायोडही नाही, अशा स्थितीत तो छोटा स्विच कॉइलचा प्रत्येक झटका अंगावर घेत होता.

तरीही दुसरा एक प्रश्न शिल्लक होता. लिव्हर दिवसातून फार तर वीस-तीस वेळा वर-खाली होतो. एवढ्या ठिणग्यांनी स्विच दोन महिन्यांत जळत नाही. उत्तर पट्टीत होते. स्विच ज्या पट्टीवर बसतो तिच्यातली बोल्टची भोके लांबट असतात, म्हणजे जागा थोडी मागेपुढे जुळवता येते. प्रत्येक नवा स्विच बसवताना बोल्ट अंदाजाने आवळला गेला होता आणि स्प्रिंग वॉशर पहिल्याच वेळी हरवला होता. लिव्हर पूर्ण खाली असतानाही प्लंजर, म्हणजे स्विचची आत दाबली जाणारी कळ, त्याच्या दाबबिंदूच्या अगदी कडेवर होता. ब्रेकरच्या प्रत्येक थरथरीला संपर्क किंचित उघडून बंद होत होता. सोलेनॉइडचे स्पूल जड असल्याने इतक्या सूक्ष्म खंडाने ते सुटत नव्हते, ऑपरेटरला काही कळत नव्हते, आणि आत मात्र दर ठोक्याला ठिणगी पडत होती. दिवसाला वीस ठिणग्यांच्या जागी हजारो.

दुरुस्ती त्या मानाने किरकोळ होती. पिळलेल्या वायरी कापून टाकल्या, नवीन टर्मिनल दाबून बैठकीत बसवले आणि नकाशाप्रमाणे रिले लावला. बैठकीतला डायोड तपासला तर तो आरपार जळून उघडा पडला होता. १ अँपिअर १००० व्होल्टचा साधा डायोड लॅमिंग्टन रोडला काही रुपयांत मिळतो; मी या ठिकाणी ३ अँपिअरचा लावतो. त्याची पट्टी असलेली बाजू पॉझिटिव्हकडे यायला हवी. उलटा लावला तर चावी चालू करून लिव्हर खाली घेताच फ्यूज उडतो, त्यामुळे ही चूक लपून राहत नाही. डायोडमुळे सोलेनॉइड किंचित उशिरा सुटतो आणि काही कंपन्या त्यासाठी डायोडऐवजी रोधक किंवा वेगळी रचना देतात, म्हणून नकाशात जे दाखवले असेल तेच लावावे, स्वतःची अक्कल लढवू नये. स्विच चौथा, नवा, बसवला. लिव्हर पूर्ण खाली आल्यावर प्लंजर दाबबिंदू ओलांडून आणखी दीड-दोन मिलिमीटर आत जाईल, पण तळाला टेकणार नाही, अशी पट्टी जुळवली, स्प्रिंग वॉशर घातला आणि बोल्टच्या आट्यांना थ्रेड लॉक लावले. तळाला टेकलेला प्लंजरही वाईटच. लिव्हरचा प्रत्येक आघात मग स्विचच्या अंगावर येतो.

सर्वच यंत्रांमध्ये गुन्हेगार हाच निघेल असे नाही. ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या एका कामावर असाच स्विच दोनदा गेला होता आणि तिथे रिले, डायोड, पट्टी, सगळे जागेवर होते. तिथला दोष धुण्यात होता. संध्याकाळी हेल्पर प्रेशर वॉशरने केबिनची फरशी धूत असे. स्विचवर आयपी ६७ लिहिलेले होते आणि त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी पाणी आत जात नाही, एवढाच आहे. वॉशरच्या धारेचा दाब ही वेगळी परीक्षा आहे आणि तिच्यासाठी आयपी ६९के अशी वेगळी पातळी असते. शिवाय त्या यंत्रात वायर वरून सरळ कपलरमध्ये उतरत होती, त्यामुळे वायरीवरून ओघळणारे पाणी कपलरच्या सीलवर जाऊन थांबत होते. वायरीला कपलरच्या खाली एक झोळ देऊन मग वर घेतले की थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो. एका टायने होणारे हे काम आहे. ठाण्याच्या सुमारे २,५०० मिलिमीटर पावसात ते न करणे परवडत नाही.

खाडीच्या हवेचाही एक भाग आहे. ओहोटीच्या वेळी ऐरोली किंवा वाशीच्या पुलावरून जाताना कुजलेल्या अंड्यासारखा जो वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा असतो, आणि चांदीवर तो काळा थर चढवतो. घरातल्या चांदीच्या निरांजनावर चढतो तसाच. स्विचचे संपर्कबिंदू बहुधा चांदीच्या मिश्रधातूचे असतात. पुरेसा प्रवाह वाहत असेल तर हा पातळ थर जळून जातो आणि अडचण येत नाही. पण नव्या यंत्रांमध्ये स्विचची वायर रिलेकडे न जाता सरळ कंट्रोलरकडे जाते आणि तिथे प्रवाह असतो फक्त काही मिलिअँपिअर. एवढ्याशा प्रवाहाला तो थर भेदता येत नाही, म्हणून अशा जागी मूळ स्विचचे बिंदू सोन्याचा मुलामा दिलेले असतात. दिसायला सारखा, पिना सारख्या, किंमत निम्मी, असा स्विच आणून लावला की तो चार-सहा आठवडे चालतो आणि मग कंट्रोलर अधूनमधून लिव्हर वर असल्याचे समजू लागतो. म्हणजे वरच्या गोष्टीच्या नेमके उलट: तिथे प्रवाह जास्त झाल्याने स्विच मेला, इथे प्रवाह कमी असल्याने चुकीचा स्विच चालत नाही. माल हलका आहे हे निदान फक्त या दुसऱ्या प्रकारात खरे ठरते. अशा यंत्रांत पुष्कळदा दोन विरुद्ध संपर्क असतात, एक उघडताना दुसरा बंद होणारा, आणि दोघांचे म्हणणे जुळले नाही की स्क्रीनवर त्रुटीचा कोड येतो. तो पुसण्याआधी लिहून घ्यावा.

याच कारणाने अशा स्विचच्या किंवा कपलरच्या पिना पॉलिश पेपरने घासू नयेत. मुलामा निघून गेला की खालचा धातू पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर म्हणून जो स्प्रे मिळतो तोच वापरावा. गंजलेले नटबोल्ट सोडवण्याचा स्प्रे त्याची जागा घेत नाही, कारण तो तेलाचा थर मागे ठेवतो आणि त्या थरावर धूळ बसते. आणि कपलरमध्ये सिलिकॉन सीलंट भरण्याचा जो प्रकार चालतो तो तर सर्वांत वाईट. ज्या सीलंटला सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो त्यातून ॲसिटिक आम्ल सुटते आणि ते तांबे खाते. पाणी आत जाऊ नये म्हणून भरलेला सीलंट आतूनच कपलर सडवतो, शिवाय पुढच्या वेळी तो उघडताही येत नाही. सीलचे रबर फाटले असेल तर सील बदलावे, रिकाम्या पिनांच्या भोकांत प्लग घालावेत, एवढे पुरते.

बॅकहो लोडरवर, म्हणजे ज्याला आपण जेसीबी म्हणतो त्या प्रकारच्या यंत्रांवर, असाच त्रास पुढे-मागे करणाऱ्या लिव्हरच्या न्यूट्रल स्विचला होतो आणि यंत्र सुरूच होत नाही. तिथे बॅटरी १२ व्होल्टची असल्याने त्याच भारासाठी प्रवाह दुप्पट असतो आणि संपर्कातला थोडासा रोधही अधिक जाणवतो. मोजण्याची पद्धत तीच. बल्ब मात्र १२ व्होल्टचा घ्यावा. २४ चा बल्ब तिथे मंदच पेटेल आणि नसलेला बिघाड दाखवेल.

उलव्याच्या यंत्रावर काम संपवून निघताना भाराखाली पुन्हा मोजले. स्विचवरचा फरक ०.०३ व्होल्ट, रिलेच्या ३० आणि ८७ मध्ये ०.०६, आणि सोलेनॉइडच्या टोकांवर बॅटरीपेक्षा ०.४ कमी. हे आकडे तारखेसह लॉग बुकात लिहिले आणि रिलेच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनेही लिहून ठेवले, म्हणजे पुढच्या माणसाला तुलनेला काहीतरी मिळेल. त्यानंतर दोन तास ब्रेकर चालवून पाहिला. ऑपरेटरने मध्येच हात बाहेर काढून अंगठा दाखवला. पण लिव्हर हलवून पाहायची त्याची सवय मात्र इतकी मुरली होती, की दर पंधरा मिनिटांनी तो एकदा वर-खाली करतच होता.